सार्वजनिक जंगलात हरणाच्या शिकारीची जागा कशी शोधावी (पेनसिल्व्हेनिया)

कोयनाकाठ (१६ फेब्रुवारी)

पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्ग आणि स्टेट कॉलेज या दोन शहरांच्या मधल्या डोंगररांगांत मी बरीच वर्षं हरणाच्या शिकारीला जातोय. इथल्या काही जणांनी निरोप पाठवून विचारलं की स्वतःची जमीन नाही, ओळखीचा शेतकरी नाही, मग जायचं कुठे? त्यांच्यासाठी हा धागा. जागेचं नाव मी सांगणार नाही, आणि इथे कुणीच नकाशावरचा ठिपका टाकू नये अशी विनंती आहे. सार्वजनिक जमिनीवरची एखादी जागा जाहीर झाली की पुढच्या हंगामात तिथे गाड्यांची रांग लागते आणि हरणं तिथून उठतात. रीत मात्र मोकळेपणाने सांगतो.

आधी जमिनीबद्दल. पेनसिल्व्हेनियात शिकारीला खुली असलेली सरकारी जमीन मुख्यतः तीन प्रकारची. एक, स्टेट गेम लँड्स. राज्यभर विखुरलेले तीनशेहून जास्त तुकडे, मिळून सुमारे १५ लाख एकर. ही जमीन गेम कमिशनच्या, म्हणजे राज्याच्या शिकार आणि वन्यजीव खात्याच्या मालकीची. कमिशन १८९५ साली स्थापन झालं आणि पहिला तुकडा १९२० मध्ये एल्क काउंटीत विकत घेतला गेला. दोन, स्टेट फॉरेस्ट, सुमारे २२ लाख एकर. यात स्प्राउल, बाल्ड ईगल, रॉथरॉक, मिशो, ईशान्येच्या पोकोनोज डोंगरांकडचं डेलावेअर अशी मोठी जंगलं येतात. तीन, वायव्येचं अ‍ॅलेगेनी राष्ट्रीय वन, पाच लाख एकरांहून मोठं. नियम सगळीकडे सारखे नाहीत. गेम लँडवर तंबू ठोकून रात्र काढता येत नाही, स्टेट फॉरेस्टात काढता येते. लांबून येणाऱ्याला एवढ्या एका गोष्टीवरून जंगल निवडावं लागतं.

आता वेळ. बहुतेक जण ऑक्टोबरात जागा शोधायला निघतात. माझ्या मते खरा महिना हा चालू आहे तोच, फेब्रुवारी, आणि पुढचा मार्च. हंगाम संपलेला असतो, झाडांवर पानं नसतात, डोंगराचा सगळा सांगाडा उघडा दिसतो. बर्फ असेल तर रोजच्या वाटा अशा उमटतात की माग काढायला वेगळं कसब लागत नाही. आणि मुख्य म्हणजे मागच्या शरद ऋतूतल्या खुणा अजून शाबूत असतात: नराने शिंगं घासून सोललेली झाडाची साल, खुराने खरडलेल्या जमिनीचे गोल चट्टे, त्या चट्ट्यावर लोंबणारी चावलेली फांदी. म्हणजे नोव्हेंबरात माजावर आलेला नर कुठून कुठे फिरत होता याची नोंद तुमच्यासमोर असते. आत्ता तुम्ही झुडपात शिरून एखादं हरीण उठवलंत तरी बिघडत नाही. पुढच्या हंगामाला कितीतरी महिने आहेत. तेच तुम्ही हंगामाच्या आदल्या आठवड्यात केलंत, तर ते जनावर दिवसाउजेडी तिकडे फिरकणार नाही.

घरून निघण्याआधी नकाशा. उंचीच्या रेषांचा नकाशा आणि उपग्रहाचं चित्र शेजारी शेजारी उघडा. ऑनएक्ससारखं अ‍ॅप असेल तर खाजगी हद्दही दिसते, आणि हद्द माहीत असणं इथे फार गरजेचं आहे. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला हा नकाशा वाचणं जड जाऊ नये. धार, सोंड, खिंड, माची, घळ हे सगळं इथेही आहे, फक्त उंची कमी आणि रांगा लांबच लांब, एकमेकींना समांतर. दोन उंचवट्यांमधल्या खिंडीतून हरणं रांग ओलांडतात. चढाच्या मधेच माचीसारखा सपाट पट्टा असेल तर त्यावरून आडवी चालतात. घळीचा वरचा टोकाचा भाग जिथे संपतो, तिथून ती घळ वळसा घालून पार करतात. अशा चार जागांवर खूण करा. मग प्रत्यक्ष जाऊन त्यातल्या तीन खोडून टाकाव्या लागल्या तरी दिवस वाया गेला असं समजू नका.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. सार्वजनिक जमिनीवर हरणाच्या आधी माणसाचा माग काढा. गाड्या लावायच्या जागा, फाटक लावलेले जुने रस्ते, पायवाटा, नद्यांवरचे पूल, सगळं नकाशावर रंगवा. मग विचार करा की पहाटे पाच वाजता टॉर्च घेऊन निघालेला माणूस इथून कुठे जाईल. तो सोप्या चढाने वर जाईल, रस्त्यावरून चालेल, आणि जिथे त्याला लांबवर दिसेल तिथे बसेल. त्याच्या पाठीमागे, त्याला नकोशा वाटणाऱ्या ठिकाणी हरणं सरकलेली असतात. ती जागा दूरच असेल असं नाही. रस्त्याच्या अगदी जवळचा पण पायाला पाणी लागतं म्हणून सगळ्यांनी सोडलेला तुकडाही असू शकतो. पेन स्टेट विद्यापीठ, गेम कमिशन आणि वनखातं यांनी २०१३ पासून गळ्यात जीपीएस पट्टे घालून हरणांचा मोठा अभ्यास चालवला आहे. त्यातल्या एका मादीचं वागणं प्रसिद्ध झालं. रायफलचा हंगाम सुरू झाला की ती नेहमीचा भाग सोडून उभ्या चढाच्या अंगाला जाऊन बसायची, जिथे कुणी शिकारी चढत नसे. सरकारी जंगलात जागा शोधताना ही मादी डोळ्यांसमोर ठेवावी.

खाणं. ओकची फळं हे शरद ऋतूतलं मुख्य अन्न. पांढऱ्या ओकचं फळ एका वर्षात पिकतं, कमी तुरट असतं, आणि ते पडायला लागलं की हरणं बाकी सगळं सोडून तिकडे येतात. तांबड्या ओकच्या फळाला दोन वर्षं लागतात, ते कडवट असतं, पण जास्त दिवस टिकतं म्हणून हिवाळ्यात कामाला येतं. कुठल्या झाडांना यंदा फळ आहे हे ऑगस्टमध्ये दुर्बिणीने शेंड्याकडे बघून कळतं. दरवर्षी सगळी झाडं फळत नाहीत, त्यामुळे मागच्या वर्षीची उत्तम जागा या वर्षी ओस असू शकते. दुसरं अन्न म्हणजे काही वर्षांपूर्वी तोड झालेला भाग. तिथे कोवळे धुमारे तोंडाच्या उंचीला असतात आणि लपायलाही मिळतं. वनखात्याच्या तोडीचे नकाशे यासाठी बघत जा.

एक सावधगिरी. उन्हाळ्यात जंगलाच्या तळाशी नेच्याचा हिरवागार गालिचा दिसला की नवखा माणूस हरखतो. उलट आहे. गवतासारखा वास येणारा तो नेचा हरणं खात नाहीत. त्यांनी बाकी सगळी रोपं खाऊन संपवली म्हणून तो एकटा माजलेला असतो. तिथे हिरवळ आहे, चारा नाही.

बसायच्या जागा. दिवसा हरणं माउंटन लॉरेलच्या दाट झुडपात, किंवा धारेच्या जरा खाली, वाऱ्याच्या आडोशाला बसतात. पाठीमागून वारा वास आणून देतो, समोरचा उतार डोळ्यांना दिसतो. बर्फात दबलेले अंडाकृती खड्डे आणि त्यात केस दिसले की समजा बसायची जागा सापडली. त्या जागेवर मचाण बांधू नका. तिथून खाण्याकडे जाणारी वाट शोधा आणि त्या वाटेवर, तुमचा वास हरणांकडे जाणार नाही अशा अंगाला, चढायला झाड बघा.

बाकीचं प्रश्न येतील तसं लिहितो.

प्राची_एडिसन

फार छान लिहिलंय, कोयनाकाठ. आम्ही न्यूजर्सीत राहतो. नवऱ्याला ऑफिसातल्या मित्रांनी पोकोनोजला बोलावलंय. पण आम्ही एच-१बी आणि एच-४ वर आहोत. बंदुकीला हात लावला तर व्हिसाला धोका आहे का, हे कुणी नीट सांगत नाही. कुणाला माहीत आहे का?

अभय_पिट्सबर्ग

प्राचीताई, हे नीट समजून घ्या, कारण यात चूक परवडणारी नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. मित्राची बंदूक थोडा वेळ हातात घेणंही त्यात येऊ शकतं. त्या मनाईला काही अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना जवळ असणं. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. म्हणून क्रम असा: आधी शिकारीचं प्रशिक्षण, मग परवाना, त्यानंतरच बंदूक. ग्रीनकार्डधारकाला ही व्हिसाची मनाई लागू नाही.

राज्याचे कायदे वर वेगळे. न्यूजर्सीत बंदूक विकत घ्यायला स्वतंत्र ओळखपत्र काढावं लागतं, आणि तिथे हरणासाठी साधी रायफल चालतच नाही. स्थलांतराच्या वकिलाला एकदा लेखी विचारून घ्या. दुसरा मार्ग धनुष्याचा. केंद्रीय कायद्यात धनुष्यबाण ही बंदूक नाही, त्यामुळे आमच्या ओळखीतली व्हिसावरची बरीच मंडळी धनुष्यानेच सुरुवात करतात. शिकारीचा परवाना मात्र त्यालाही लागतोच.

पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा परवाना काढणाऱ्या प्रत्येकाला, वय काहीही असो, प्रशिक्षण सक्तीचं आहे. राज्यातल्या रहिवाशाला मूळ परवाना साधारण २१ डॉलरला मिळतो, बाहेरच्याला साधारण १०२ डॉलरला. धनुष्याच्या हंगामाचं शुल्क आणि मादी मारायचा परवाना वेगळे. मादीचा परवाना विभागवार मर्यादित संख्येने निघतो, तो उन्हाळ्यातच बघावा लागतो.

प्राची_एडिसन

अभयदादा, मनापासून आभार. नवऱ्याला हे आत्ताच वाचायला दिलं. पोकोनोजचा बेत पुढे ढकललाय, प्रशिक्षणाला दोघांनी नाव घालायचं ठरवलंय.

सातपुडा

मला हा धागा वाचून वाईट वाटलं. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची शिकारही बंद झाली. ज्या समाजाने एवढं करून जंगल वाचवलं, त्यातली शिकलेली माणसं परदेशात जाऊन हरणं कशी मारावीत याची चर्चा करतात. अन्नाची ददात नसताना मुक्या जनावराला मारायची काय गरज?

कोयनाकाठ

सातपुडा, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. भारतातला कायदा मला पूर्ण मान्य आहे. आपल्याकडे चितळ-सांबराच्या मागे वाघ, बिबट्या, रानकुत्रे आहेत, जंगल तुटपुंजं आहे, आणि माणसाने बंदूक खाली ठेवली म्हणूनच ती जनावरं उरली.

इथली गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातली हरणं जवळजवळ संपली होती. जंगल तोडलं गेलं होतं, बाजारात विकण्यासाठी बेसुमार शिकार झाली होती. लांडगा आणि पुमा त्याच काळात इथून नाहीसे झाले. १९०६ मध्ये मिशिगनहून हरणं आणून सोडावी लागली. पुढे हरणं वाढली, लांडगा-पुमा परत आले नाहीत. आज अस्वलं आणि कायोटी (लांडग्याच्या कुळातलं लहान जनावर) पाडसं खातात, पण पूर्ण वाढलेल्या हरणांची संख्या आवरणारं इथे माणसाशिवाय फारसं कुणी नाही. वर मी नेच्याच्या गालिच्याबद्दल लिहिलं ना, तो याचाच परिणाम. ओकचं रोप उगवतं आणि खाल्लं जातं, त्यामुळे म्हातारी झाडं पडल्यावर जागा घ्यायला पुढची पिढीच नसते. स्टेट फॉरेस्टात तुम्हाला उंच जाळीची कुंपणं दिसतील. ती जंगलाची रोपं हरणांपासून वाचवायला घातलेली आहेत. कुंपणाच्या आत आणि बाहेर जे दिसतं ते एकदा येऊन बघा. आत गुडघ्याएवढी, डोक्याएवढी रोपं असतात, बाहेर नुसता नेचा.

यावर तुम्ही म्हणाल, तरीही मारायला मन कसं होतं? ते सोपं नसतं, आणि सोपं होऊ नये असं मला वाटतं. म्हणून तर जागा नीट शोधायची, जवळून आणि खात्रीचाच नेम धरायचा. घाईत मारलेलं, जखमी होऊन पळालेलं जनावर हे सगळ्यात वाईट. चांगली शोधलेली जागा ही त्या जनावराशी प्रामाणिक राहण्याची पहिली पायरी आहे.

वैनगंगा

मी भंडाऱ्याचा, सध्या नागपुरात. शिकारीशी माझा संबंध नाही आणि सातपुडांच्या भावनेशी मी सहमत आहे. पण माग काढण्याबद्दल वाचून राहवलं नाही. बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राणी मोजायला मी नागझिऱ्यात जात आलोय. आमच्याकडे मे महिन्यात सगळा खेळ पाण्याचा असतो. बाकीचं सुकलेलं, त्यामुळे जनावर कधीतरी पाण्यावर येणारच. तुम्ही पाण्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. आणि वाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहाल का? आमचा वनरक्षक मचाणावर चढायच्या आधी चिमूटभर माती सोडून बघतो.

कोयनाकाठ

वैनगंगा, तुमच्या भागातल्या लोकांकडून हे शिकावं. पाण्याचं कारण सोपं आहे. इथे वर्षभर पाऊस पडतो, प्रत्येक घळीत ओहोळ आहे, ओल्या पानांतूनही हरणाला पाणी मिळतं. त्यामुळे पाणवठ्यावर बसून इथे फारसा उपयोग नाही. एखाद्या कोरड्या सप्टेंबरात धारेवरच्या डबक्याला महत्त्व येतं, एरवी नाही.

वारा मात्र सगळं ठरवतो. डोंगरात दोन वारे असतात. एक हवामानखात्याने सांगितलेला, आणि दुसरा डोंगराचा स्वतःचा. सकाळी ऊन उतारावर आलं की तापलेली हवा वर चढायला लागते. संध्याकाळी ऊन सरलं की गार, जड हवा घळींतून खाली वाहते. त्यामुळे सकाळी ऊन आल्यानंतर मी हरणाच्या अपेक्षित वाटेच्या वरच्या अंगाला असतो, म्हणजे माझा वास आणखी वर निघून जातो. संध्याकाळी खालच्या अंगाला. पहाटे अंधारात मात्र हवा अजून खालीच वाहत असते, तेव्हा वरून चालत जाऊन मचाणावर बसलात तर तुमचा वास आधीच घळीत पोचलेला असतो. अनेक चांगल्या जागा माणसं जायच्या वाटेमुळे नासवतात. जागा आणि तिथवर जायची वाट, दोन्ही एकत्रच शोधायची.

आणि वारा बघायचा तो ज्या महिन्यात बसायचं त्याच महिन्यात. मिल्कवीड नावाचं झुडूप इथे शेताकडेला उगवतं, आपल्या रुईच्या कुळातलं. त्याच्या शेंगेत रुईसारखीच म्हातारी असते. ती खिशात ठेवायची आणि एकेक सोडायची. माती लगेच खाली पडते, म्हातारी मात्र घळीच्या तोंडाशी जाऊन कुठे वळते, कुठे गोल फिरते ते लांबवर दिसत राहतं. जिथे ती गोल फिरते तिथे बसू नये, खुणा कितीही चांगल्या असोत.

गोंदण

मी विस्कॉन्सिनला, धनुष्याने शिकार करते. आमच्याकडे डोंगर कमी, दलदल जास्त. इथे लव्हाळ्यांच्या दलदलीत मधेच पाच-दहा झाडांचं कोरडं बेट असतं. उपग्रहाच्या चित्रात ते वेगळ्या रंगाचं दिसतं. हंगाम तापला की मोठे नर तिथेच जाऊन बसतात, कारण तिथवर जायला गुडघाभर चिखल तुडवावा लागतो. कोयनाकाठ म्हणतात ती 'सगळ्यांनी सोडलेली जागा' आमच्याकडे अशी दिसते.

काउंटीच्या मालकीची जंगलं बघायला विसरू नका. विस्कॉन्सिनमध्ये ती वीस लाख एकरांहून जास्त आहेत आणि बाहेरच्या लोकांना त्यांची फारशी माहिती नसते. शिवाय खाजगी मालकांनी करसवलतीच्या बदल्यात लोकांना खुली ठेवलेली वनजमीनही आहे. राज्याच्या वनखात्याच्या नकाशावर ती दाखवलेली असते. दुसऱ्या राज्यात गेलात तर सगळ्यात आधी हे शोधा.

अभय_पिट्सबर्ग

कॅमेऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही. झाडाला बांधायचे स्वयंचलित कॅमेरे आता स्वस्त झालेत, पण माझा अनुभव सांगतो की त्यांच्यावर फार विसंबू नये. कॅमेरा फक्त एवढं सांगतो की या झाडासमोरून रात्री अडीचला नर गेला. तो कुठून आला आणि दिवसा कुठे असतो हे तुम्हाला चालूनच शोधावं लागतं. मी कॅमेरा लावतो तो मुख्यतः माणसं किती येतात हे बघायला. आणि सारखं जाऊन बघायचा मोह आवरायचा, प्रत्येक फेरीत आपण वास सोडून येतो.

नंदिता_लँकेस्टर

मी शिकार करत नाही, पण नवऱ्याबरोबर मार्चमध्ये जंगलात चालायला जाते. गळून पडलेली शिंगं शोधायला मला फार आवडतं. जानेवारी ते मार्च नरांची शिंगं गळतात. दक्षिणेकडच्या उन्हाच्या उतारावर आणि हरणं कुंपण किंवा ओढा उडी मारून ओलांडतात तिथे ती मिळतात. शिंग सापडलं म्हणजे तो नर हंगामातून जिवंत सुटला, हे कळल्यावर नवऱ्याची पुढची आखणी बदलते.

दोन गोष्टी बायकांसाठी आणि सगळ्यांसाठीच. गोचिड्या. थोडी ऊब आली की त्या मार्चमध्येही असतात, आणि त्यांच्या चाव्याने होणाऱ्या लाइम रोगाचे रुग्ण देशात सर्वांत जास्त असणाऱ्या राज्यांत पेनसिल्व्हेनिया येतं. कपड्यांना आधीच पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवायचं, पँट मोज्यात खोचायची, घरी आल्यावर डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं, गुडघ्यामागे आणि केसांत विशेष. आणि दुसरं, नारिंगी रंग. रायफलच्या हंगामात शिकाऱ्याने डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच झळाळता नारिंगी रंग सर्व बाजूंनी दिसेल असा घालायचा नियम आहे. गेम लँडवर १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर नुसतं फिरायला जाणाऱ्यांनाही नारिंगी घालावाच लागतो. आम्ही तर ऑक्टोबरपासूनच घालतो.

केतन_ऱ्होड

मी यंदा पहिल्यांदाच जाणार. प्रश्न असा की सगळं शोधून, पहाटे चारला उठून गेलो आणि त्या जागेवर आधीच कुणी बसलेलं असेल तर? सरकारी जमिनीवर हक्क कुणाचा?

कोयनाकाठ

केतन, हक्क कुणाचाच नाही, आणि रीत अशी की आधी आला त्याची जागा. त्याचा टॉर्च किंवा नारिंगी टोपी दिसली की हात वर करायचा आणि आल्या वाटेने, त्याच्या समोरून न जाता, मागे फिरायचं. वाद घालायचा नाही. दुसऱ्याने बांधून ठेवलेल्या मचाणावरही चढायचं नाही. गेम लँडवर मचाण हरणांच्या पहिल्या हंगामाच्या दोन आठवडे आधी लावता येतं आणि शेवटच्या हंगामानंतर दोन आठवड्यांत उतरवावं लागतं. त्यावर मालकाचं नाव किंवा ओळखक्रमांक हवा, आणि झाडाला खिळे-स्क्रू लावायचे नाहीत. मी स्वतः पाठीवर नेऊन त्याच दिवशी परत आणायचं हलकं मचाण वापरतो. त्याने वारा फिरला तर जागाही बदलता येते.

म्हणूनच एकच जागा शोधून थांबू नये. वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी वेगळ्या जागा हव्यात, आणि त्यातल्या निदान एकीची गाडी लावायची जागा पूर्णपणे दुसरीकडे हवी. पहिल्या दिवशी गर्दी जास्त असते. २०१९ पासून रायफलचा हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारऐवजी शनिवारी सुरू होतो, त्यामुळे नोकरदार माणसंही त्या दिवशी येतात. त्या दिवशी मी गर्दी जिथून चढते त्याच्या पलीकडच्या उतारावर, खिंडीजवळ, दिवसभर डबा घेऊन बसतो. दुपारी अकरा-बाराला माणसं जेवायला खाली उतरतात आणि त्या हालचालीने हरणं उठतात. तेव्हा जागेवर असलेला माणूस क्वचितच असतो. रविवारच्या शिकारीवरची जुनी बंदी २०२५ च्या कायद्याने उठली आहे, पण कुठले रविवार खुले ते कमिशन ठरवतं, तेव्हा यादी बघून जा.

केतन_ऱ्होड

आणि मारल्यावर बाहेर कसं आणायचं? एकटा असलो तर?

कोयनाकाठ

हा प्रश्न जागा शोधतानाच विचारायचा, म्हणून तुमचं कौतुक वाटलं. मोठा नर आतडी काढल्यावरही साठ-सत्तर किलो भरू शकतो. नकाशावर एक मैल सोपा दिसतो. घळीतून चढावर, ओल्या पानांवरून ते ओढणं हे वेगळंच काम आहे. म्हणून मी जागा निवडताना बाहेर पडायची वाट उताराची आहे का ते बघतो. जुना लाकूडतोडीचा रस्ता खालून जवळ असेल तर उत्तम. एकटे असाल तर घरी नकाशा ठेवून जा आणि परतायची वेळ सांगा. डोंगराच्या घळीत फोनला रेंज नसते.

थंडी नसेल तर घाई करावी लागते. धनुष्याच्या हंगामात ऑक्टोबरची दुपार वीस अंशांवर जाते. अशा दिवशी मी आत खोल जात नाही, रस्त्याजवळची जागा धरतो.

नंदिता_लँकेस्टर

मांसाबद्दल मी सांगते, आमच्याकडे ते माझं खातं. हरणाच्या मांसाला चरबी फार कमी, आणि जी असते ती चवीला मेणचट, ती काढूनच टाकायची. मांसावरचा चंदेरी पडदाही सोलायचा. पाठीच्या कण्यालगतचं मांस मऊ, त्याला रस्सा नको, जाड काप करून तव्यावर थोडा वेळ. पायाचं आणि खांद्याचं मात्र आपल्या मटणासारखं, दही-आलं-लसूण लावून रात्रभर ठेवायचं आणि मंद आचेवर शिजवायचं. खोबरं-कांद्याचं वाटण त्याला उत्तम लागतं. खिम्यात थोडं तूप घालावं, नाहीतर कोरडा होतो.

जास्त मिळालं तर दान करता येतं. पेनसिल्व्हेनियात 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' नावाचा उपक्रम १९९१ पासून चालू आहे. ठरलेल्या खाटकाकडे हरीण दिलं की मांस अन्नपेढ्यांकडे जातं. आम्ही एक तरी मादी तिकडे देतो.

सातपुडा

कोयनाकाठ, तुमचं उत्तर वाचलं. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. पण कुंपणाच्या आतल्या-बाहेरच्या फरकाबद्दल मला माहीत नव्हतं. भावाकडे जूनमध्ये फिलाडेल्फियाला येतोय. ती कुंपणं बघायला शिकार न करणाऱ्याला जाता येतं का?

कोयनाकाठ

नक्की येतं, सातपुडा. स्टेट फॉरेस्ट सगळ्यांना खुलं आहे, प्रवेशशुल्क नाही. काही कुंपणांना माणसांसाठी फाटक असतं, आत जाऊन बघा, फक्त परत लावून घ्या. जूनमध्ये मादीची पाडसं अगदी लहान असतात. गवतात एकटं पाडस दिसलं तर हात लावू नका, आई जवळच असते. निरोप पाठवा, मी येईन बरोबर.

अभय_पिट्सबर्ग

एक राहिलं, आणि हे नव्या माणसाने जागा निवडायच्या आधीच बघावं. हरणांमधला झिजून मरण्याचा रोग, सीडब्ल्यूडी, पेनसिल्व्हेनियात २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. तो जिथे आहे तिथे गेम कमिशनने रोगनियंत्रण क्षेत्रं आखली आहेत, आणि त्यांच्या सीमा बदलत असतात. त्या क्षेत्रातून डोकं, कणा असे भाग बाहेर नेता येत नाहीत. प्राचीताई, केतन, तुम्ही न्यूजर्सीला परतणार असाल तर हे विशेष लक्षात ठेवा. मांस हाडावेगळं करूनच न्यायचं. डोकं तपासणीसाठी टाकायला त्या भागात कमिशनच्या पेट्या असतात. माणसाला हा रोग झाल्याची एकही नोंद नाही, तरी तपासणीत दोष निघाला तर मांस खाऊ नये असा आरोग्यखात्याचा सल्ला आहे. निकाल येईपर्यंत मांस वेगळं, चिठ्ठी लावून गोठवायचं.

केतन_ऱ्होड

धन्यवाद सगळ्यांना. या शनिवारी बर्फ आहे, मिशो स्टेट फॉरेस्टात नकाशा घेऊन जातोय. आधी गाड्या लावायच्या जागा रंगवल्या आहेत. दोन खिंडी आणि एक माची बघायची आहे. कुणाला यायचं असेल तर निरोप करा.

कोयनाकाठ

जा, आणि दोन्ही खिंडींत बर्फावरच्या वाटा कुठल्या बाजूला वळतात ते लिहून ठेवा. जागेचं नाव न लिहिता इथे सांगा, वाऱ्याचं आपण मिळून बघू.